भेगांवरचं तेल

यंदा काजूने पार्से गावाची चांगलीच जिरवली. मोहोर उशिरा धरला, शिमगा झाला तरी झाडं नुसती पानं हलवत उभी. आणि मग चैत्राच्या उन्हात बोंडू असे काही गळायला लागले की बायकांना कंबर सरळ करायला सवड मिळेना. शेवंतीची कंबर तर आधीच वाकलेली. ती बसल्या बसल्या झाडाखाली सरकायची, बोंडू पिरगळून बी वेगळी काढायची, बी पाटीत आणि बोंडू डब्यात. तिचा दीर बाबली ते डबे दारूच्या भट्टीवर न्यायचा. त्याचे हात कमी चालत आणि तोंड जास्त.

"वयनी, चेडू खंय?"

"धावक गेलां."

"बोंडू तुडवक माणूस मेळना नाय आणि ह्यां फुकट धावता! हय कुंडीत तुडवल्यार धावल्यासारख्यांच जाता मां?"

शेवंतीने पुढचा बोंडू उचलला. बाबलीला उत्तर दिलं की तो आणखी चार वाक्यं बोलतो, हे ती लग्न होऊन आली त्या वर्षीच शिकली होती.

तिची लेक गौरवी आली ती घामाने निथळत. नवऱ्याचं घर सोडून आईकडे राहणारी बाई गावाच्या डोळ्यांवर येतेच. ही तर अर्धी चड्डी घालून देवळाच्या रस्त्याने धावायची. पहिलं वर्षभर गाव बोलला, मग त्याचंच तोंड दुखायला लागलं. गौरवीने विहिरीवर पाय धुतले आणि न सांगता दगडी कुंडीत उतरून बोंडू तुडवायला लागली. रस पायाला लागला तसे तिने दात घट्ट आवळले. शेवंतीने ते पाहिलं.

"पायांक काय जालां?"

"भेगो पडल्यो. त्या मॅटीर घासान."

"दाखय बघूं."

"मगीर."

शनिवारी म्हापशाला तिची लढत होती. हाताने बुक्के, पायाने लाथा, आणि पाय अनवाणी. त्याला किकबॉक्सिंग म्हणतात, हे शेवंतीला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडात शब्द एकच होता, मारामारी. गौरवी सकाळी तुयेच्या कंपनीत पॅकिंगला जायची, संध्याकाळी म्हापशाच्या क्लासात, आणि वर्षात दोन-तीनदा अशी मारामारी करून बिदागी घेऊन यायची. शेवंतीने एकही लढत पाहिली नव्हती. तिने जे पाहिलं होतं तेच तिला पुरे होतं.

गौरवीला दिली होती मयेला. जावई प्रमोद दिसायला देखणा, बोलायला मऊ. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच पोर पहिल्यांदा घरी आली, ओठ फुटलेला. शेवंतीने पेज घातली, ओठाला हळद लावली आणि दोन दिवसांनी स्वतः डिचोलीची गाडी पकडून तिला मयेला पोचवून आली. नांदायला हवं, सगळ्याच नांदतात. दुसऱ्या वेळी मनगट सुजलं होतं. तेव्हाही पोचवली. तिसऱ्या वेळी गौरवी भर दुपारी तिठ्यावरून एकटी चालत आली. डाव्या कानातून रक्ताचा ओघळ सुकलेला होता. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, आता पोचव नाका." त्या कानाने तिला अजून धड ऐकू येत नाही.

त्यानंतर ती कितीतरी महिने माजघरात बसून असायची. एकदा शेवंतीने डोक्याला तेल लावावं म्हणून समोरून हात नेला, तर पोरीने झटकन पाठ फिरवली, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीशी गोळा होऊन बसली. आईच्या हाताला भिऊन. शेवंती तेलाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली होती. देवाने त्या दिवशी धरणी दुभंगवली असती तर तिने वाटीसकट आत उडी घेतली असती.

कंपनीत बायकांना स्वसंरक्षण शिकवायला वर्षा नावाची बाई यायची. कोल्हापूरकडची, तांबड्या मातीत कुस्ती खेळून वाढलेली. गुडघा गेला, कुस्ती सुटली, नवऱ्याच्या नोकरीमागे गोव्यात आली. तिने गौरवीला हेरलं. पहिल्या सहा महिन्यांत तिने तिला काही शिकवलं नाही म्हणे, फक्त समोरून हात आला की डोळे उघडे ठेवायला लावले. मग पोर सुधारली. जेवायला लागली, हसायला लागली, बाबलीला उलट उत्तरं द्यायला लागली. लढती जिंकली. आणि दिवाळीनंतर बेळगावला माती खाल्ली.

तिथे नेमकं काय झालं ते बाबलीनेच भावजयीला मोबाइलवर दाखवलं. समोरची पोरगी अंगावर आली, गौरवी दोऱ्यांपाशी अडकली, आणि तिने पाठ फिरवली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती खाली गोळा होऊन बसली. पंचाने लढत थांबवली. कुणीतरी मोठ्याने हसत होतं, तेही ऐकू येत होतं. गावातल्या रिकामटेकड्यांनी तिचं नाव 'कासव' ठेवलं. तिठ्यावरून ती गेली की कुणीतरी म्हणणार, कासव धावता रे. शेवंतीला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. तिला ती पाठ ओळखीची होती. तिने मोबाइल उलटा करून बाबलीच्या हातात दिला.

गुरुवारी वर्षा स्वतः घरी आली. शेवंतीने तिला बसायला खुर्ची दिली, पन्ह्याचा पेला पुढे केला. वर्षा आडपडदा ठेवणारी नव्हती.

"काकू, हिच्या अंगात बळ कमी न्हाई. पण कुणी कोपऱ्यात घेतलं की ही पाठ फिरवून बसतीया. शनिवारी पुन्यांदा तसं झालं तर हिची जोडी कुणी लावायचं न्हाई. मीबी लावायची न्हाई. मग कंपनी हाय, घर हाय, ऱ्हावू दे आपलं."

"आणि पाठ नाय फिरयल्यान तर?" शेवंतीने विचारलं. "तोंडार मार खायत मां?"

"खाईल की," वर्षा म्हणाली. "आणि देईलबी."

गौरवी खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती. शेवंतीने तिचा चेहरा पाहिला. ही पुन्हा माजघरात जाऊन बसली तर? आणि म्हापशाला गेली आणि समोरच्या पोरीने तिचा दुसरा कान फोडला तर? इकडे आड आणि तिकडे विहीर. रात्रभर तिला झोप लागली नाही. कूस बदलली की खाट वाजायची, आणि पलीकडे गौरवीही जागीच आहे हे तिला कळायचं.

शुक्रवारी तिन्हीसांजा व्हायच्या सुमाराला, दिवा लावून झाल्यावर, शेवंतीने लेकीचे पाय बघायला घेतले. टाचा फुटल्या होत्या, एक भेग तर तळव्याच्या मधल्या खोलगट भागापर्यंत गेली होती, आत लाल दिसत होतं.

"असे पाय घेवन फाल्यां नाचतलंस?"

"जाता तितक्या करतलंय."

पार्स्यात भेगांना औषध एकच. काजूच्या बियांच्या सालीतून निघणारं काळं तेल. जळजळीत असतं, कोवळ्या कातडीला लागलं तर भाजून काढतं. पण चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांच्या टाचा म्हणजे जोड्याचं चामडं, त्यांना ते मानवतं. काडीला कापूस गुंडाळून भेगेत तेवढं घालायचं, आजूबाजूला खोबरेल चोळायचं, सकाळी भेग मिटलेली. शेवंतीच्या सासूने तिला तसंच लावलं होतं, सासूच्या सासूने सासूला. कुणी ते लावताना विचार करत नाही.

पण गौरवीचे पाय चिखलातले राहिले नव्हते. वर्षाच्या सांगण्यावरून ती रोज कोमट पाण्यात पाय भिजवायची, दगडाने घासायची. कातडी लोण्यासारखी मऊ झाली होती. हे शेवंतीला हाताला लागलं, लागलं नाही असं नाही. तिने उजव्या टाचेला काडी लावली. गौरवीने ओठ चावला. तेल जास्त काळ टिकावं म्हणून तिने काडी बाजूला ठेवून बोटच बाटलीत बुडवलं. एकदा टाचेला लावलं. मग पुन्हा बुडवलं आणि त्या खोलगट भागातल्या भेगेला लावलं, जिथे कुणी कधी लावत नाही.

"खूप जळता गो आई."

"जळताच. मगीर बरां वाटता."

वरून तिने जुना पायमोजा चढवला आणि स्वतःचा हात राखेने घासून धुतला.

सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल वाजली तरी गौरवी उठली नव्हती. शेवंती आत गेली तर ती खाटेवर बसून मोजा काढलेला पाय बघत होती. टाचेवर आणि मधल्या भागात लिंबाएवढे दोन फोड, पाण्याने तट्ट भरलेले, भोवतीची कातडी काळी पडलेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेवंती पाय बघायला तिच्यापाशी खाली बसली.

गौरवीने मान वर केली. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "आई, माका जावक देवचां नाय होतां काय तुका?"

शेवंतीने जमिनीवरचा मोजा उचलला. नाही म्हणावं तर खरं नव्हतं, हो म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. ती उठली, डब्यात पेज भरली, वर खाराच्या कैरीची फोड ठेवली, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून दारात येऊन उभी राहिली.

"तू खंय?" गौरवीने विचारलं.

"तुज्यावांगडा."

बसमध्ये गौरवी पाय पुढच्या सीटखाली लपवून बसली. शेवंतीने म्हापशाची दोन तिकिटं काढली.

वर्षाने फोड पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "कुणी सांगितलं हुतं हे लावायला?" शेवंती खाली बघत उभी राहिली. वर्षाने फोडांवर पातळ पट्टी चिकटवली, पण लढतीआधी पाय डॉक्टरला दाखवणं भाग होतं. डॉक्टर कोवळा पोरगा होता, नुकती मिसरूड फुटावी तसा. त्याने डोळ्यांत उजेड मारून पाहिलं, नाडी पाहिली, मग पट्टी उचलून पाय पाहिला आणि भुवया आक्रसल्या.

"हे भाजलंय. अशा पायाने कशी खेळणार?"

"खेळतलंय," गौरवी म्हणाली.

"तुम्ही म्हणालच. मी नको म्हटलं तर लढत होणार नाही, माहीत आहे ना?" त्याने शेवंतीकडे पाहिलं. "तुम्ही आई ना हिच्या? खरं सांगा. सकाळपासून ही लंगडतेय का?"

म्हणजे एवढंच करायचं होतं. हो म्हणायचं. पोर सुखरूप घरी येईल, कान शाबूत, तोंड शाबूत. दोष डॉक्टरच्या माथी, आणि काजूच्या तेलाच्या. कुणी कासव म्हणणार नाही, पाय भाजला होता म्हणतील. शेवंतीची जीभ 'हो'वर आलीही होती. तिने गौरवीकडे पाहिलं. गौरवी आईकडे बघतच नव्हती. ती भिंतीकडे बघत होती आणि तिचे खांदे हळूहळू आत मिटत चालले होते, त्या माजघरातल्या दिवसांसारखे. आई काय बोलणार ते तिने धरूनच ठेवलं होतं.

"नाय," शेवंती म्हणाली. "आमच्या पायांक असां जाताच. तेल लायल्यार असांच दिसता. ती बरी चलता."

डॉक्टरने खांदे उडवले आणि पट्टी पुन्हा बसवली. शेवंती बाहेर आली आणि भिंतीला टेकली. दोनदा तिने पोरीला मार खायला पोचवलं होतं आणि दोन्ही वेळा पोर मान खाली घालून गेली होती. आज तिसऱ्यांदा पोचवलं. आज पोरीला जायचं होतं, एवढाच फरक. हा फरक खरा आहे की आपण मनाची समजूत घालतोय, हे तिला काही केल्या कळेना.

ती पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, मांडीवर पेजेचा डबा. समोर बेळगावकडचीच, पण मोबाइलवर दिसलेली ती नव्हे, जानकी नावाची पोरगी, काळीसावळी, लांब हातांची, अंगाने गौरवीएवढीच. घंटा वाजली आणि शेवंतीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी आवाज जास्तच ऐकू यायला लागले. मांस मांसावर आपटल्याचा आवाज तिला माहीत होता. ती डोळे उघडून बसली.

पहिली फेरी गौरवी बरी खेळली. लाथ मारायला डाव्या पायावर उभं राहावं लागतं, तो पाय धड होता. दुसऱ्या फेरीत पट्टी सुटली. फोड फुटले असावेत, कारण ती पाऊल टाकी तिथे मॅटवर ओला ठसा उमटायचा. जानकीने ते हेरलं. ती गौरवीच्या उजवीकडे फिरायला लागली, तिला त्या पायावर वळायला लावायला लागली. वर्षा कोपऱ्यातून ओरडत होती, पण डाव्या बाजूने ओरडलेलं गौरवीला ऐकू जात नव्हतं. तीही चूक वर्षाच्या ध्यानात आली आणि ती गुडघा सांभाळत पळत दुसऱ्या बाजूला गेली.

तिसऱ्या फेरीत जानकीने तिला दोऱ्यांशी दाबली. एक बुक्का बरगडीत, एक गालावर, एक पुन्हा गालावर. गौरवीचे हात वर गेले. डोक्यावर. उजवा खांदा भिंतीकडे वळावा तसा दोऱ्यांकडे वळायला लागला. शेवंती उठून उभी राहिली. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "गेली ही." डबा खाली पडला आणि पेज तिच्या पावलांवर सांडली.

खांदा अर्धा वळला आणि थांबला.

का थांबला ते शेवंतीला कळलं नाही. तिने हाक मारली नव्हती. तिला एवढंच दिसलं की डोक्यावरचे हात कपाळापर्यंत खाली आले आणि दोन हातांच्या फटीतून पोरीचे डोळे दिसले. उघडे होते. जानकीचा बुक्का सरळ त्या फटीतून आला, डाव्या डोळ्याच्या खाली बसला, मान मागे गेली आणि परत जागेवर आली. डोळे अजून उघडेच. मग गौरवीने मारलं. आधी एक, मग दोन, मग ती त्या सोलवटलेल्या पायावर भार देऊन पुढे सरकली, आणि जानकीला दोन पावलं मागे जावं लागलं. घंटा होईपर्यंत दोघी मॅटच्या मधोमध उभ्या राहून एकमेकींना मारत होत्या. शेवंतीने शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड इतका आवळून धरला होता की शेवटी त्याने तो हळूच सोडवून घेतला.

पंचाने हात उचलला तो जानकीचा. गुण तिचे जास्त होते आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिच्या नाकातून रक्त गळत होतं, तशीच येऊन तिने गौरवीला मिठी मारली. दोघी हसत होत्या. लढती भरवणारा माणूस वर्षापाशी आला आणि पावसाळ्याआधी या दोघींची पुन्हा जोडी लावू का म्हणून विचारायला लागला. वर्षाने त्याला थांब म्हटलं, पाठ केली आणि बाहीने डोळे पुसले.

कपडे बदलायच्या खोलीत शेवंतीने लेकीचा पाय मांडीवर घेतला. कातडीचा लोळा झाला होता. ओल्या कापसाने पुसता पुसता ती बोलली.

"दुसऱ्यांदा बोट बुडयलंय, तेव्हा माका खबर होती गो. भाजतलां म्हणान. तरी लायलंय."

गौरवीचा एक डोळा मिटत आला होता. दुसऱ्याने तिने आईकडे पाहिलं.

"माकाय खबर होती," ती म्हणाली. "जळता तां काय कळूक नाय माका? पाय काडून घेवक येतालो. घेवक नाय." आणि पुढे म्हणाली, "माकाय भंय दिसता होतां."

शेवंतीने तिचा पाय छातीशी धरला आणि ती रडली, हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. गौरवीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "पेज खंय? भूक लागली." पेज सांडली होती. दोघींनी बाहेरच्या गाड्यावर पावभाजी खाल्ली, गौरवी उजव्या दाढेने चावत.

ऊन कलता कलता पार्स्याची गाडी मिळाली. गौरवी खिडकीपाशी बसली आणि शिवोलीचा पूल यायच्या आत आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. डावा डोळा जांभळा होऊन पूर्ण मिटला होता, ओठ सुजला होता. बसमधले लोक बघत होते आणि नजर वळवत होते. मागच्या सीटवरची एक बाई मात्र राहवेना म्हणून पुढे वाकली. पिशवीत वालीची भाजी, कपाळाला मोठं कुंकू. तिने अगदी हळू आवाजात विचारलं.

"घोवान मारल्यान काय गो तिका?"

नवऱ्याने मारलं का, हा प्रश्न शेवंतीला नवा नव्हता. मयेच्या गाडीत दोन्ही वेळा कुणी ना कुणी विचारला होता, आणि दोन्ही वेळा तिने न्हाणीत पडली म्हणून सांगितलं होतं.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "बेळगावच्या एका चेडवान मारल्यान. आमच्यानय तेचां नाक फोडल्यान."

बाईने आ वासला. झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे.

"तू आवस मां तिची? आणि तू बघीत रवलंस?"

"व्हय," शेवंती म्हणाली. "ह्या खेपेक सगळां बघलंय."